इतवाऱ्यातली खोली आणि इतर चिंध्या

मी, माणिक देवमन मेहरे, वय अठ्ठेचाळीस, अविवाहित, धंदा जुन्या कपड्यांपासून गोधड्या, पिशव्या आणि पांघरुणे करण्याचा, राहणार अमरावती, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने आणि माझ्याच हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी जागेवर आहे. याबद्दल माझ्या भावाला शंका आहे, पण ती त्याला मी शाळेत होते तेव्हापासून आहे, म्हणून कायद्याने तिची वेगळी दखल घेऊ नये. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. उलट मी हे लिहू नये म्हणूनच घरच्यांनी बरेच कष्ट घेतले.

येत्या सोमवारी नागपूरला माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. मी डॉक्टरांना विचारले, आहे तीच रफू होत नाही का? ते म्हणाले, काही जणांची होते, तुमची त्यापलीकडे गेली आहे. आयुष्यभर लोकांना "हे टाकू नका, यातून काहीतरी होईल" असे सांगणाऱ्या बाईला हे ऐकावे लागले. तेव्हा परत आले तर उत्तम, नाही तर खालीलप्रमाणे.

कलम १. वारस.

मला नवरा नाही, मूल नाही, आईवडील हयात नाहीत. अशा बाईने काही न लिहिता डोळे मिटले तर तिचे सगळे भावाकडे जाते, असे वकिलांनी सांगितले. माझा एकच भाऊ, उत्तमराव, मुक्काम अकोला, याचे बियाणे, खते आणि फवारणीच्या औषधांचे दुकान आहे. तो वाईट माणूस नाही. पण माझी इतवाऱ्यातली खोली त्याच्याकडे गेली, तर तिथे सतरंजीवर बसून शिवणाऱ्या बायका दुसऱ्या दिवशी रस्त्यावर येतील आणि त्यात पहिली माझी जोडीदारीण शकीला असेल. तसे होऊ नये, एवढ्यासाठीच हा सगळा कागद आहे. बाकीची कलमे सोबत आली आहेत, जशी गाठोड्यात चांगल्या साडीबरोबर बनियनेही येतात.

कलम २. राहते घर.

वडील देवमन मेहरे फुले आणि भाजी विकत. त्यांनी बांधलेल्या घरात माझा अर्धा हिस्सा आहे, तो मी उत्तमला देते. छत गळते. कुठे गळते ते तिथे ठेवलेल्या घमेल्यांवरून कळेल. घमेलीही त्यालाच.

कलम ३. इतवाऱ्यातली खोली.

बाजाराच्या मागच्या गल्लीतली ही खोली मी माझ्या कमाईने घेतली. वडिलांची नाही, भावाची नाही, कोणाच्या हुंड्यातून वाचलेली नाही. तिच्यात शकीला आणि मी पंधरा वर्षांहून अधिक काळ शेजारी बसून शिवत आहोत. शकीला ही हिवरखेडच्या गयासुद्दीन टेलरची मुलगी. लग्न होऊन अमरावतीत आली, नवरा गेल्यावर माझ्याकडे कामाला आली आणि आठवडाभरात मला कामाला लावले.

ऑपरेशनची तारीख ठरल्यावर उत्तम मला पाहायला अकोल्याहून आला. घरी न जाता थेट खोलीवर आला, तेव्हाच मला समजायला हवे होते.

"बाई, तब्येत कशी आहे?"

"बरी आहे. हातात काय आहे तुया?"

हातात लोखंडी फीत होती, सुतार वापरतात तशी.

"काई नाई. आता आलोच आहो, त माप घेऊन घेतो. मागं आपला तो क्लासवाला नाई का, स्पर्धा परीक्षावाला? तो म्हणत होता, बाजाराजवळ जागा पाहिजे. बाकं किती बसतीन एवढंच पाहून राहिलो."

शकीला सुईत दोरा ओवत होती. तिने मान वर केली नाही. "उत्तमभाऊ, थोडं सरकून माप घ्या. ताई अजून बसून आहे तिथं."

तो ओशाळला, पण माप पुरे केले. दाराजवळ फीत अडकली तेव्हा मीच दुसरे टोक धरले, कारण कोणाचे माप चुकलेले मला पाहवत नाही. गडबडीत तो फीत इथेच विसरून गेला. ती त्याला परत द्यावी.

खोलीबद्दलचा माझा निर्णय हे लिहिताना झालेला नाही. तो झाला की शेवटच्या कलमात लिहीन.

कलम ४. ब्लाऊजपीसची पेटी.

ही मी माझ्या वहिनीला, म्हणजे उत्तमच्या पत्नीला देते. पेटीतला अर्धा माल तिचाच आहे. ओटीत मिळालेला ब्लाऊजपीस आपल्याकडे कोणी शिवत नाही. तो पुढच्या बाईच्या ओटीत जातो, तिथून तिच्या जावेच्या, तिथून मुंजीत, तिथून डोहाळजेवणात. मी वहिनीला दिवाळीत दिलेला जांभळा ब्लाऊजपीस तिने मला संक्रांतीला दिला. मी ओळखला, कारण त्याच्या कोपऱ्याला मीच खूण केली होती. पुढच्या दिवाळीला मी तो तिला पुन्हा दिला. असे आमचे बरेच वर्षे चालले आणि दोघींनीही कधी चेहऱ्यावर दाखवले नाही. हल्ली मुंबईत कापड पुन्हा पुन्हा वापरावे म्हणून शिबिरे भरतात, त्यांनी वहिनीला बोलवावे. एकाही धाग्याला धक्का न लावता तिने सबंध अकोल्याच्या ओट्या भरल्या आहेत.

जांभळा पीस पेटीत सर्वांत वर ठेवला आहे. आता पाळी तिची आहे.

कलम ५. मुंबईच्या मॅडम.

यांचे नाव लिहीत नाही, कारण त्यांना नाव छापून आलेले फार आवडते.

आधी आमच्या धंद्याची रीत सांगते. आम्ही नवे कापड विकत घेत नाही. चतुराबाई डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन खेड्यांतून फिरते, जुन्या कपड्यांवर भांडी देते आणि ते कपडे आम्हाला आणून देते. शिवाय घरात कोणी गेले की तेराव्यानंतर किंवा चाळिसाव्यानंतर लोक गेलेल्या माणसाचे कपडे घेऊन येतात. त्यांची गोधडी करून आम्ही त्याच घरी परत देतो. बापाच्या सदऱ्याखाली पोरगा झोपतो. याला आम्ही काही नाव दिले नव्हते. मॅडमनी दिले, इंग्रजीत, आणि ते बोलायला इतके लांब होते की शकीला म्हणाली, एवढ्यात एक उशी शिवून होते.

मॅडम आल्या तेव्हा वऱ्हाडात पाऊस लागोपाठ दगा देत होता. चतुराबाई गावांतून रिकामी परत येत होती. मी विचारले, "काहून वं, कपडे नाई मिळाले?" ती पाटी उतरवत म्हणाली, "लुगडं जुनं त झालं बाई, पण अंगावरून उतरतच नाई." त्याच आठवड्यात मॅडम आमच्या सतरंजीवर बसून आम्हाला सांगत होत्या की लोकांनी एकच कपडा अनेक वर्षे वापरायला शिकले पाहिजे. मी म्हटले, आमची गावे तुमच्या फार पुढे आहेत.

त्यांना आमच्या गोधड्या मुंबईत विकायला हव्या होत्या. पण प्रत्येक गोधडीला एक कार्ड लावायचे होते, की ही शेतकऱ्याच्या विधवेच्या साडीतून शिवली आहे. त्यांच्या हातात होती ती हिरवी साडी माझ्या वहिनीची.

शकीलाने सांगितले, "मॅडम, ही उत्तमरावच्या बायकोची होय. उत्तमराव चांगला जिता आहे. मोठं दुकान आहे त्याचं."

"हो, पण कार्डावर तसं लिहिलं तर काय बिघडतं? लोक त्या दुःखाशी जोडले जातात."

"मंग उत्तमरावले विचारून पाहा," शकीला म्हणाली. "तुमच्या कार्डासाठी मरतो काय म्हणाव."

मॅडम हसल्या. त्यांना वाटले विनोद आहे. मी मात्र त्या दिवशी हसू शकले नाही. ज्यांच्या साड्या खरोखर तशा होत्या, त्या बायका आमच्यासमोर बसून शिवत होत्या आणि त्यांच्यापैकी एकीने मान खाली घालून टाका उसवला आणि पुन्हा घातला.

कार्डाशिवाय गोधड्या घ्यायला मॅडम कशाबशा तयार झाल्या. आणि इथे चूक आमची झाली, ती लिहिते. गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करताना त्यात भाकरीचा तुकडा ठेवायचा, असे माझी आई करायची. पांघरणारा उपाशी झोपू नये म्हणून. शकीलाच्या माहेरी त्याऐवजी गव्हाचे दाणे ठेवत. यावरून आमची पहिली दोन वर्षे भांडणात गेली. मग तह झाला की एका कोपऱ्यात भाकरी आणि समोरच्या कोपऱ्यात गहू. मुंबईचा माल भरताना हे बंद ठेवावे असे आम्हा दोघींपैकी कोणाच्याही मनात आले नाही. परक्या माणसाला उपाशी कसे ठेवायचे?

महिनाभराने फोन आला. "माणिकताई, गोदामात उंदीर झालेत! सगळ्या गोधड्यांचे कोपरे खाल्लेत! आत अन्न आहे! तुम्ही आत अन्न भरलं होतं?"

मी काही बोलायच्या आत शकीलाने फोन घेतला. "हो मॅडम, अन्नच होतं. तुमच्याकडचे उंदीर उपाशी हायेत, हे आमाले काय माहीत?"

सगळा माल परत आला. आम्ही कोपऱ्यांना ठिगळे लावली आणि अमरावतीतच विकला. इथे एकाही गिऱ्हाइकाने कोपऱ्यात काय आहे ते विचारले नाही, कारण त्यांना माहीत होते.

पुढच्या वर्षी मॅडमनी कारखान्यात नव्या कापडावर ठिगळे छापून घेतली. टाकेही छापलेले. त्याला वऱ्हाडचे नाव दिले आणि एक नग मला भेट पाठवला, सोबत आभाराचे कार्ड. मी तो धुतला. टाके गेले. सध्या तो आमच्या खोलीत मशीन झाकायला वापरतात. माझ्या मृत्यूनंतर तो मॅडमना परत पाठवावा आणि त्याच्या एका कोपऱ्यात भाकरी शिवून पाठवावी. ज्वारीची. शिळी चालेल.

कलम ६. सत्काराच्या शाली.

गावांतून कपडे येईनासे झाले त्याच वर्षांत शालींची आवक वाढली. पिकाची पाहणी करायला येणाऱ्या प्रत्येक साहेबाचा गाव शाल आणि नारळ देऊन सत्कार करी. साहेब नारळ घरी नेत आणि शाली ड्रायव्हरमार्फत आमच्याकडे येत. त्या शालींत ऊब अजिबात नसते, पण पिशवीला अस्तर म्हणून बऱ्या. या भागात कापूस आमचा, कापड सुरतेचे आणि चिंध्या पुन्हा आमच्या. शाल तेवढी मध्येच वाट वाकडी करून साहेबांच्या खांद्यावर जाऊन येते.

शिल्लक शालींतली एक, जरीची, उत्तमला द्यावी. त्याला दरवर्षी कोणते ना कोणते आदर्श विक्रेत्याचे बक्षीस मिळते, पण शाल तो स्वतः विकत घेऊन जातो. बाकीच्या शालींच्या पिशव्या कराव्यात.

कलम ७. मशीन, कात्र्या, बँकेतली शिल्लक.

पायाचे मशीन, कात्र्या आणि कापडाची सगळी गाठोडी खोलीत शिवणाऱ्या बायकांची आहेत. मोठ्या कात्रीने कागद कापू नये. कोण कापते हे मला माहीत आहे, नाव लिहीत नाही.

बँकेतली शिल्लक माझी भाची वर्षाली हिला. ती उत्तमचीच मुलगी, धामणगाव रेल्वे या गावी नोकरी करते आणि बापाशी न ओरडता बोलू शकणारी घरातली एकमेव व्यक्ती आहे. म्हणून या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिच्याकडेच सोपवते. वर्षाली, तुझा बाप रागावेल. त्याला आधी जेवू घाल, मग वाचून दाखव.

कलम ८. माझे कपडे.

शकीलाने मनात आणले आहे, हे मला ठाऊक आहे. तर स्पष्ट लिहिते की माझ्या कपड्यांची गोधडी करू नये. मी आयुष्यभर लोकांच्या साड्यांतून उरलेल्या तुकड्यांचेच कपडे घातले. ते कापड माझ्याकडे यायच्या आधीच दोघींच्या अंगावर झिजलेले होते. आता ते टाका धरणार नाही. पायपुसणी करावीत. आणि ती करताना कोणी रडत बसू नये, पायपुसण्याला ओल चालत नाही.

कलम ९. पुन्हा खोली.

कलम तीन लिहून झाल्यावर मी शकीलाला म्हटले, "खोली तुझ्या नावाने लिहून ठेवते."

तिने दोरा दातांनी तोडला. "कायले?"

"मी गेल्यावर तुम्हाला कोणी उठवू नये म्हणून."

"मले नको."

"काहून?"

"मेलेल्याचे कपडे घेतो आपण, माणिक. तो धंदा होय. मेलेल्याची खोली मी नाई घेत. तुझा भाऊ उद्या दारात उभा राहून म्हणीन, या बाईनं मरतीकडून लिहून घेतलं. चार लोक जमतीन. मंग मी त्यायले काय सांगू? तू त नसशीन सांगाले."

"कागद असेल ना."

"कागदाले तोंड असते काय वं? देतीस त आता दे. जितीपणी. तुया भावाले तुया तोंडानं सांगता आलं पाहिजे, की हो, मीच दिली. नाई त राहू दे. मी हिवरखेडले जातो, भावाच्या घरी."

मला राग आला. मेल्यावर द्यायला मी किती मनापासून तयार होते! त्यात माझे काहीच जात नव्हते. खोली माझी, मोठेपणाही माझा, आणि भोगायला मी नाही. पण आता द्यायची म्हणजे नागपूरहून मी परत आले तर बसायचे कुठे, कोणाच्या परवानगीने? माझ्या नावावर या जगात ती एवढीच एक जागा होती. अर्ध्या घरात घमेली आहेत. बाकी सगळे लोकांचे कापड. दोन दिवस मी शकीलाशी बोलले नाही. तीही बोलली नाही, पण माझ्या डब्यात भाजी घालत राहिली आणि मी ती खात राहिले.

तिसऱ्या दिवशी वकिलांकडे गेलो. खोलीपुरते मृत्युपत्राऐवजी बक्षीसपत्र केले. वकिलांनी पुन्हा पुन्हा सांगितले की हे एकदा झाले की मागे घेता येत नाही. मी म्हटले, म्हणूनच करते आहे. निबंधक कार्यालयातल्या कारकुनाने विचारले, "या तुमच्या कोण? नातं काय लिहू?"

 शकीला म्हणाली, "लिहा, रोज भांडतात."

कारकुनाने "मैत्रीण" लिहिले. रक्ताच्या नात्याला सरकार मुद्रांक शुल्कात सवलत देते, शेजारी बसून शिवणारीला देत नाही. ती सवलत आम्हाला मिळाली नाही. अंगठे उमटवून, फोटो काढून बाहेर आलो.

त्याच संध्याकाळी मी अकोल्याला फोन केला. उत्तमने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "बाई, मी सख्खा भाऊ आहो तुया."

"हो. म्हणूनच मी जिती असताना सांगून राहिली. मी दिली. माझ्या मनानं दिली. तिला काही विचारायचं नाही. जे विचारायचं ते मला विचार, सोमवारपर्यंत."

"मंग क्लासवाल्याले काय सांगू?"

"सांग, जागा पाहिजे असीन त शकीलाबाईले भेट. पण सांभाळून, त्या माप घेऊ देत नाईत."

त्याने फोन ठेवला. अर्ध्या तासाने वहिनीचा आला. नागपूरला सोबत कोण येणार, असे विचारत होती. उत्तम गाडी घेऊन येणार आहे. म्हणून वर लिहिले आहे, तो वाईट माणूस नाही.

तर इतवाऱ्यातली खोली आता माझ्या मालकीची नाही. ती कोणालाही देण्याचा मला अधिकार नाही आणि या मृत्युपत्रात तिच्याबद्दल काहीही ठरवलेले नाही.

काल मी नेहमीप्रमाणे कामावर गेले तर माझे मशीन खिडकीपासून हलवलेले होते. तिथे शकीलाने मोठी सतरंजी अंथरली होती. म्हणाली, उजेडात सगळ्यांनी बसावं, एकीनंच काहून? मला वाईट वाटले, ते मी दाखवले. तिने लक्ष दिले नाही. मालकिणीचे असेच असते. जाताना मी विचारले, परत आले तर मला बसायला जागा देशील का?

ती गोधडीचा कोपरा दुमडत होती. "परत ये त सही आधी. मंग पाहू."

असे झाल्यामुळे परत येणे मला भाग आहे. तरीही न आल्यास वरील एक ते आठ कलमे अमलात आणावीत.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि खाली नावे असलेल्या दोघांसमोर सही केली. त्या दोघांनाही यातून काही मिळत नाही, हे त्यांनी सही करण्याआधी विचारून घेतले.

सही
माणिक देवमन मेहरे

साक्षीदार
१. मोईज खान, औषधांचे दुकानदार, इतवारा, अमरावती
२. भगवंत काशीराव होले, निवृत्त पोस्टमन, अमरावती

स्थळ : अमरावती
दिनांक : १२ डिसेंबर २०१५